चादर अंथरली तरी उभीच दिसते! पर्स्पेक्टिव्हचा श्रीगणेशा कुठून करायचा?

रेघोटी

नमस्कार मंडळी. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्थिरचित्राचा सराव चालू आहे. मांडणी साधीच आहे: फरशीवर चौकडीची सोलापुरी चादर, तिच्यावर पितळी कळशी आणि चार पुस्तकांचा गठ्ठा. कळशी बरी जमते. कागदावर चादर मात्र भिंतीला टांगल्यासारखी उभी राहते आणि पुस्तकं घसरून अंगावर येतील असं वाटतं. क्षितिजरेषा, लोपबिंदू (लांब जाणाऱ्या समांतर रेषा जिथं मिळतात तो), एक-बिंदू, दोन-बिंदू या पर्स्पेक्टिव्हच्या आकृत्या वहीत पाठ आहेत. पण समोर खरी वस्तू आली की त्यातलं काय कुठं लावायचं तेच कळत नाही. क्लासचे पत्ते नकोत, घरी बसून करता येईल असं सांगा.

गुण्या

ताई, पहिल्यांदा पट्टी बाजूला ठेवा. तुमचा डोळा जमिनीपासून किती उंचीवर आहे ते ठरवल्याशिवाय एकही रेघ मारू नका. क्षितिजरेषा म्हणजे डोळ्याची उंची, बाकी काही नाही. मांडी घालून बसलात तर साधारण अडीच फूट, खुर्चीवर चार, उभं राहिल्यावर पाच. तुम्ही उठलात की क्षितिज उठतं, बसलात की तेही बसतं.

घरात शोधायची सोपी युक्ती: पारदर्शक बाटलीत अर्धं पाणी भरा, हात लांब करून समोर धरा आणि सावकाश वर-खाली करा. पाणी डोळ्याच्या खाली असेल तर त्याचा वरचा पृष्ठभाग लंबगोल दिसतो, डोळ्याच्या वर गेलं की खालून दिसतो. मध्ये एका जागी तो लंबगोल मिटून नुसती आडवी रेघ उरते. बाटली तिथंच धरून, त्या रेघेवरून समोरच्या भिंतीवर जिथं नजर लागेल तिथं खडूची खूण करा. तीच तुमची क्षितिजरेषा.

आता तुमची चूक बहुतेक कुठं आहे ते सांगतो. भिंत आणि फरशी जिथं मिळतात ती रेघ म्हणजे क्षितिज असं धरून नव्वद टक्के मुलं लोपबिंदू तिथंच ठोकतात. ती रेघ फक्त फरशी संपल्याची खूण आहे. खडूची खूण तिच्या किती वर आली ते बघा. स्थिरचित्रात मांडणी खाली आणि आपण वर, त्यामुळं क्षितिजरेषा बऱ्याचदा कागदाच्या बाहेर, वरच जाते. जाऊ द्या. बोर्डावर कागदाच्या वर एक पट्टी चिकटवा आणि रेषा तिच्यावर ओढा. कागदात बसावी म्हणून तिला खाली ओढलंत की सगळं चित्र बिघडलंच.

एवढं ठरलं की बाकीचा हिशोब सोपा. डोळ्याच्या खालच्या आडव्या कडा लांब जाताना कागदावर वर चढतात. डोळ्याच्या वरच्या कडा, म्हणजे माळा, दाराची चौकट, ट्यूबलाइटची पट्टी, लांब जाताना खाली उतरतात. बरोबर डोळ्याच्या उंचीवरची कड कुठंही वळवा, आडवीच राहते.

नवीपेठकर

भिंत-फरशीच्या रेघेचं वाक्य फळ्यावर लिहून ठेवायला हवं. वहीतल्या आकृतीत क्षितिजरेषा कायम कागदाच्या मधोमध असते ना, त्यामुळं ही सवय लागते. एक विचारतो: आपण लोपबिंदू म्हणतो, क्लासात सगळे व्ही.पी. म्हणतात, पुस्तकात यथार्थदर्शन वगैरे. परीक्षेत काय लिहायचं?

गुण्या

स्थिरचित्रात काहीच लिहायचं नसतं, काढायचं असतं. :)

तिरकी पट्टी

चादरीचा हिशोब आकड्यात मांडतो, म्हणजे "उभी दिसते" म्हणजे नेमकं किती उभी ते कळेल. चादर ५ फूट रुंद, साडेसात फूट लांब धरू. सव्वा फुटाचा एक चौकोन केला तर रुंदीत ४ आणि लांबीत ६ चौकोन बसतात. चादरीची आखूड कड तुमच्या समोर, अगदी आडवी. तुम्ही उभ्या आहात (डोळा ५ फुटांवर) आणि चादरीची जवळची कड साडेबारा फुटांवर आहे.

कागद ए-थ्री, आडवा. प्रमाण: सव्वा फूट = ३ सेमी. खाली एक तळरेषा ओढा, तिच्यावर मधोमध १२ सेमीची जवळची कड आणि ३-३ सेमीवर खुणा. तळरेषेपासून १२ सेमी वर क्षितिजरेषा (५ फुटांचे १२ सेमी झाले). तिच्यावर चादरीच्या बरोबर मधोमध लोपबिंदू. पाचही खुणा लोपबिंदूला २एच पेन्सिलने हलक्या जोडा. या झाल्या लांब जाणाऱ्या रेषा. इथपर्यंत सगळेच येतात. घोळ होतो तो आडव्या रेषांत, कारण त्या अंदाजाने मारल्या जातात.

आडव्या रेषांसाठी क्षितिजरेषेवर आणखी एक बिंदू लागतो. तुमच्या नजरेपासून चित्रापर्यंतचं अंतर साडेबारा फूट, म्हणजे प्रमाणात ३० सेमी. लोपबिंदूपासून उजवीकडे ३० सेमीवर खूण करा. हा अंतरबिंदू. चादरीचा खालचा डावा कोपरा या बिंदूला जोडा. ही तिरकी रेषा आतल्या रेषांना जिथं जिथं छेदेल तिथून आडव्या रेषा. चार ओळींनंतर ती चादरीबाहेर जाते, म्हणून तळरेषा उजवीकडे वाढवून ३-३ सेमीवर आणखी दोन खुणा करा आणि त्याही लोपबिंदूला जोडा. कारण सरळ आहे: फरशीवरच्या चौकोनाचा कर्ण ४५ अंशात असतो, आणि ४५ अंशातल्या सगळ्या रेषा या बिंदूकडे जातात.

मोजून पाहा. तळरेषेपासून आडव्या रेषा १०.९, २०, २७.७, ३४.३, ४० आणि ४५ मिमीवर येतील. म्हणजे पहिली ओळ ११ मिमी उंच आणि सहावी जेमतेम ५. चादरीची वरची कड साडेसात सेंटिमीटर. आणि साडेसात फूट लांबीच्या अख्ख्या चादरीची कागदावरची उंची किती? फक्त साडेचार सेंटिमीटर. तुमच्या चित्रात ती नऊ-दहा सेंटिमीटर असणार, पैज.

तुम्ही मांडी घालून बसलात तर क्षितिजरेषा ६ सेमीवर येते आणि उंचीचे वरचे सगळे आकडे निम्मे होतात. चादर सव्वादोन सेंटिमीटरची पट्टी उरते. डोळ्याला हे पटत नाही, म्हणून हात तिला ताणत राहतो.

रेघोटी

मोजली. साडेनऊ सेंटिमीटर. पैज जिंकलात.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे काढायला बसले तर अंतरबिंदू कागदाबाहेर जातो. ए-थ्रीच्या मध्यापासून कड २१ सेमीवर, बिंदू ३० वर. आणि पहिल्या वेळी माझे आकडे ११, २०, २९, ३८ असे येऊ लागले, म्हणजे ओळी लहानच होईनात.

तिरकी पट्टी

दुसऱ्याचं आधी. ओळी सारख्या अंतराने येतायत म्हणजे तिरकी रेषा प्रत्येक चौकोनाला नव्याने ओढताय, तीही त्याच उताराने. कर्ण एकच, सगळ्या चादरीतून आरपार जाणारा. पट्टी हलली तरी असं होतं. अंतरबिंदूवर टाचणी रोवा आणि पट्टी टाचणीला टेकवूनच धरा.

पहिल्याला दोन उपाय. बोर्ड मोठा असेल तर बाहेर कागदाची पट्टी चिकटवा. नाहीतर अर्धा अंतरबिंदू वापरा: १५ सेमीवर, कागदातच बसतो. मग तिरकी रेषा एका चौकोनाची रुंदी ओलांडताना दोन चौकोन खोल जाते. ३ सेमीच्या खुणेच्या रेषेवर दुसरी ओळ (२० मिमी), ६ च्या रेषेवर चौथी (३४.३), ९ च्या रेषेवर सहावी (४५). मधल्या ओळींसाठी १.५, ४.५ आणि ७.५ सेमीवरून लोपबिंदूकडे जादा रेषा काढा, काम झाल्यावर खोडा.

पडताळा हवा असेल तर सगळ्या छोट्या चौकोनांचे कर्ण डोळ्यासमोर आणा. कोपऱ्याला कोपरा लागून येणारे कर्ण एकाच सरळ रेषेत यायलाच हवेत. कुठं मोडले तर तीच ओळ चुकली.

ही युक्ती जुनी आहे बरं का. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या आल्बेर्ती या वास्तुकाराने १४३५ मध्ये फरशीच्या चौकोनांवरूनच चित्रकारांना पर्स्पेक्टिव्ह समजावून दिलं. त्याच्याआधी ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने तिथल्याच बाप्तिस्मागृहाचं चित्र काढून, चित्रातल्या भोकातून आरशात बघायला लावून ते खऱ्या इमारतीशी जुळवून दाखवलं होतं. सुरुवात फरशीनेच होते ती अशी.

हातमाग

थोडं अवांतर. चादरीचं डिझाइन ग्राफ पेपरवर काढतात तेव्हा सगळे चौकोन सारखे, कारण तो नकाशा जकार्डसाठी (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेसाठी) असतो, बघणाऱ्यासाठी नाही. चादर ओळखीची असली की आपण तो ग्राफच कागदावर उतरवतो. कधी न पाहिलेला गालिचा काढताना चूक कमी होते, घरची चादर काढताना जास्त.

आणि पहाडी, राजस्थानी लघुचित्रांत गालिचा मुद्दाम असाच उभा दाखवलेला असतो, त्याच्यावर माणसं समोरून बसलेली. ते चुकीचं नाही, तिथं बघणाऱ्याचा डोळा एका जागी खिळवलेलाच नसतो. रेघोटीताईंना परीक्षेत तो मार्ग उपयोगी नाही एवढंच.

भुईकोट

चादर झाली. आता पुस्तकं घसरतात त्याचं.

गठ्ठ्यातली चारही पुस्तकं एकाच दिशेने रचली असतील तर दोन लोपबिंदू पुरतात. पण तशी ती कोण रचतो? एक जरा डावीकडे वळलेलं, एक आडवं. प्रत्येक पुस्तकाची लोपबिंदूंची जोडी वेगळी. क्षितिजरेषा मात्र चौघांना एकच. मुलं दोन चुका करतात: एकतर चारही पुस्तकांना एकाच जोडीवर बसवतात (मग गठ्ठा खोक्यासारखा होतो), किंवा वळलेल्या पुस्तकाचे बिंदू वर-खाली कुठंही धरतात. त्या क्षणी ते पुस्तक चादरीवरून उचललं जातं आणि घसरू लागतं.

दुसरं, लोपबिंदू फार जवळ. कागदाच्या दोन कडांवर बिंदू ठेवायची सवय वहीतल्या आकृत्यांनी लावलीय. वर तिरकी पट्टी यांनी अंतर ३० सेमी धरलंय, तेच घेऊ. वस्तू ४५ अंशात वळलेली असेल तर दोन्ही बिंदू मध्यापासून ३०-३० सेमीवर येतात. ३० आणि ६० अंशात वळलेली असेल तर एक १७.३ सेमीवर आणि दुसरा ५२ सेमीवर. दोघांत ६९ सेमी! ए-थ्रीची लांबी ४२ आहे. म्हणजे एक बिंदू कागदाबाहेर असणं हेच नेहमीचं समजा.

उलटा हिशोबही करून ठेवा. ए-फोर आडवा धरून दोन्ही कडांवर बिंदू ठेवले तर अंतर फक्त १५ सेमी धरल्यासारखं होतं. डोळ्यासमोर साधारण ६० अंशांच्या शंकूत जे मावतं तेच नैसर्गिक दिसतं. त्या हिशोबाने कागदाच्या मध्यापासून साडेआठ-पावणेनऊ सेंटिमीटरच्या आत चित्र ठेवलं तर ठीक, बाहेर गेलं की खोक्याचे कोपरे भाल्यासारखे टोकदार होतात. ओळखायची खूण: पुस्तकाच्या वरच्या पानाचा तुमच्याकडचा कोपरा कागदावर ९० अंशांपेक्षा मोठा दिसायलाच हवा. काटकोनाचा गुण्या (हत्यार, आपले गुण्या नव्हेत) लावून बघा. ९० पेक्षा कमी भरला तर बिंदू जवळ आलेत.

लांबच्या बिंदूसाठी सोय अशी. जमिनीवर कागद चिकटवा, बिंदूच्या जागी लाकडी पाटावर खिळा ठोका आणि शिवणाचा पांढरा दोरा बांधा. दोरा ताणून हवी ती दिशा धरायची, त्याच्या खाली दोन ठिपके द्यायचे, मग पट्टीने जोडायचे. दोऱ्याच्या कडेने थेट पेन्सिल चालवू नका, दोरा ढळतो आणि रेघ वाकते.

नवीपेठकर

परीक्षेच्या हॉलमध्ये खिळा आणि दोरा? सुपरवायझर आधी मला आणि मग पाटाला बाहेर काढतील.

भुईकोट

हॉलसाठी वेगळा उपाय. जवळची उभी कड काढा, समजा १० सेमी. वरची आणि खालची कड पेन्सिलने उतार मोजून कागदाच्या टोकापर्यंत न्या. टोकाला दोघांतलं अंतर समजा ७ सेमी आलं. आता १० चे पाच भाग करा (२ सेमी), ७ चे पाच भाग करा (१.४ सेमी), जोडीजोडीने जोडा. मधल्या सगळ्या रेषा आपोआप त्याच न दिसणाऱ्या बिंदूकडे जातात. गठ्ठ्याच्या कडा असोत की सोलापूरच्या इंद्रभुवन इमारतीच्या खिडक्यांच्या ओळी, एकच पद्धत. (इंद्रभुवनाने सुरुवात मात्र करू नका. त्याच्या नक्षीत महिना जाईल आणि पर्स्पेक्टिव्ह राहून जाईल. आधी बुटांचं खोकं.)

काडेपेटी

वेगळं मत मांडतो. एवढी भूमिती डोक्यात घेऊन बसलात तर समोरच्या वस्तूकडे बघणं राहून जातं. अंतरबिंदू घरी दहा वेळा काढा, पण मांडणीसमोर बसल्यावर पेन्सिलने मोजा.

हात कोपरात पूर्ण सरळ, एक डोळा बंद, पेन्सिल चेहऱ्याला समांतर. कळशीची रुंदी पेन्सिलवर अंगठ्याने पकडा आणि तीच रुंदी उंचीत किती वेळा बसते ते बघा. दीड वेळा बसली तर कागदावरही दीड. उतारासाठी पेन्सिल कडेवर आडवी ठेवा, घड्याळाच्या काट्यासारखी, आणि मनात म्हणा: पावणेतीन, अडीच... तोच काटा कागदावर आणा.

यात एकच सापळा आहे. लांब जाणारी कड मोजताना पेन्सिल नकळत त्या कडेबरोबर पुढं झुकते. झुकली की मोजमाप लांब येतं आणि चादर पुन्हा उभी! पेन्सिल काचेला चिकटवलीय असं समजा. जमत नसेल तर खरोखरच खिडकीच्या काचेवर बोर्ड-मार्करने बाहेरची गच्ची काढून बघा, एक डोळा बंद करून, हनुवटी एका खुर्चीच्या पाठीवर टेकवून. पुसता येतं.

गुण्या

काडेपेटी यांच्याशी निम्मा सहमत. मोजून काढलेलं बरोबर आहे का हे तपासायला भूमिती लागतेच, नाहीतर चूक दिसते पण सापडत नाही.

तांब्याभांडं

रेघोटीताई म्हणतात कळशी बरी जमते. जरा तपासून घ्या. बहुतेकांची कळशी वरून गोल आणि बुडाशी सपाट असते.

तोंड डोळ्याच्या खाली १ फूट, तुम्ही ४ फुटांवर. कळशी १ फूट उंच, म्हणजे बूड २ फूट खाली. तोंडाचा लंबगोल जितका रुंद, त्याच्या साधारण पाव उंच (०.२४). बुडाचा लंबगोल रुंदीच्या जवळजवळ निम्मा उंच (०.४५). म्हणजे तोंड २० सेमी रुंद काढलं तर ५ सेमी उघडं. बूड १२ सेमी रुंद असेल तर त्याची गोलाई साडेपाच सेमीच्या लंबगोलाची, आणि तिचा पुढचा निम्मा भाग दिसणार. डोळ्यापासून जितकं खाली तितकं जास्त गोल, हे एकदा हाताला कळलं की कळशी जमिनीवर बसते. सपाट बुडाची कळशी हवेत तरंगते.

लंबगोल काढायला आधी पर्स्पेक्टिव्हमधला चौकोन, त्याचे कर्ण, त्यांच्या छेदातून मधल्या रेषा. चार बाजूंच्या मधोमध चार ठिपके. उरलेले चार कर्णांवर. खऱ्या चौकोनात ते मध्यापासून कोपऱ्याच्या दिशेने सात-दशांश अंतरावर पडतात, पर्स्पेक्टिव्हमध्ये जवळचा अर्धकर्ण लांब आणि लांबचा आखूड असतो हे ध्यानात ठेवून ठिपके द्या. आठही ठिपक्यांतून हात न उचलता, खांद्यातून फिरवून.

तीन गोष्टी बघा. दोन्ही टोकं गोल हवीत, लिंबाच्या फोडीसारखी टोकदार नकोत. उभ्या भांड्याच्या लंबगोलाचा मोठा अक्ष अगदी आडवा. आणि कर्ण जिथं छेदतात तो बिंदू लंबगोलाच्या बरोबर मध्ये येत नाही, जरा वर, लांबच्या बाजूला येतो. पुष्कळजण तोच मध्य धरतात आणि लंबगोल अंड्यासारखा होतो.

आडव्या पडलेल्या तांब्याला आणखी एक नियम: लंबगोलाचा छोटा अक्ष तांब्याच्या मधून जाणाऱ्या दांडीच्या दिशेत. गड्ड्यावरचा (सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेतला) आकाशपाळणाही याच नियमाने. आधी धुरा काढा, मग चाक.

भुईकोट

याच्यातच किल्ल्याचे बुरूज येतात. बागेच्या बाजूने बुरुजाकडे बघा. दगडांचे थर डोळ्याच्या उंचीवर सरळ आडवे, त्याच्या वर प्रत्येक थर कमानीसारखा मध्ये उचललेला, वर जाऊ तसा जास्त. डोळ्याच्या खालचे थर पाळण्यासारखे मध्ये लोंबलेले. सगळे थर सरळ मारले की बुरूज भिंत होतो.

गड्डाकर

काय बे नवीपेठकर, त्या दिवशी स्मरणचित्रात गर्दी टाकलास की मुंग्या पेरलास? आता नीट ऐक.

गड्डा भरतो ते होम मैदान सपाट आहे. तू उभा, तुझा डोळा ५ फुटांवर. तुझ्याएवढ्या उंचीच्या प्रत्येक माणसाचे डोळे क्षितिजरेषेवर येणार, तो दहा फुटांवर असो की दोनशे. डोकी एका ओळीत, पाय मात्र जवळच्याचे खाली आणि लांबच्याचे वर. लहान पोरगं असेल तर जमिनीपासून क्षितिजापर्यंतच्या अंतराच्या निम्म्यावर त्याचं डोकं. बस. मुलं उलटं करतात, लांबची माणसं वर ढकलतात आणि डोकीही वर जातात. मैदान डोंगर होतं लगेच.

यात्रेच्या मिरवणुकीत नेतात त्या नंदीध्वजाची काठीही याच मापाने. काठी समजा ३० फूट, डोळा ५ फूट, म्हणजे पायापासून क्षितिजापर्यंतचं अंतर सहा वेळा मोजायचं. काठी जिथं उभी करशील तिथून मोजायचं, लांब नेलीस तरी सहा पटच. सातही काठ्या मागेपुढे लावताना त्यांची टोकं आणि बुडं जोडणाऱ्या रेषा क्षितिजावर एकाच बिंदूत मिळतात, मिरवणूक सरळ रस्त्यावर असली तर. समान अंतर हवं असेल तर पहिल्या काठीच्या टोकातून दुसरीच्या मध्यातून रेघ खाली आण, ती जमिनीच्या रेषेला जिथं लागेल तिथं तिसरी. तशीच पुढं. विजेचे खांब, लूमच्या रांगा, सगळ्याला हीच युक्ती.

आणि काठी मध्यात बरोबर निम्मी कर, पर्स्पेक्टिव्हचा विचार न करता. काठी उभी आहे, ती लांब जात नाही.

रेघोटी

बाराबंदी घातलेली माणसं एकसारखी दिसतात म्हणून मी लांबची नुसतीच लहान करत होते, डोकी कुठं येतात ते पाहिलंच नव्हतं. धन्यवाद गड्डाकर. आणखी दोन शंका आहेत. रस्ता उताराचा असेल तर काय? आणि सिद्धेश्वर तलावाच्या पायऱ्या?

तिरकी पट्टी

उताराचा रस्ता: घरांच्या चौकटी, छज्जे, पाट्या सगळं सपाटच बांधलेलं असतं, त्यामुळं त्यांचा लोपबिंदू क्षितिजरेषेवरच. फक्त रस्त्याच्या कडा उतार असेल तर त्याच उभ्या रेषेत क्षितिजाच्या खाली, चढ असेल तर वर मिळतात. किती? नजरेचं अंतर ३० सेमी आणि चढ ३० अंशांचा असेल तर ३० × ०.५७७ म्हणजे १७.३ सेमी वर. एवढा चढ जिन्याला असतो. रस्ता ५ अंशांचा असला तरी २.६ सेमी, आणि तेवढं डोळ्याला चांगलं जाणवतं. रस्ता आणि घरं एकाच बिंदूला नेली की उताराचा रस्ता सपाट होतो.

पायऱ्यांचंही तेच. प्रत्येक पायरी मोजत बसू नका. पहिल्या आणि शेवटच्या पायरीची नाकं जोडणारी तिरकी रेषा त्या वरच्या बिंदूकडे न्या, मधल्या सगळ्या पायऱ्यांची नाकं तिच्यावर बसवा. डोळ्याच्या वरच्या पायऱ्यांचा तुडवायचा भाग दिसत नाही, फक्त उभा भाग दिसतो. हा चुकतो तेव्हा जिना फळीसारखा दिसतो. जुन्या गिरणीच्या करवती छपरालाही हाच नियम, फक्त एक उतार वरच्या बिंदूकडे, दुसरा खालच्या.

काडेपेटी

तलावाचा विषय निघालाच आहे तर पाण्यातल्या प्रतिबिंबाबद्दल. देवळाचं चित्र उलटं करून खाली चिकटवू नका. प्रत्येक बिंदूपासून सरळ खाली पाण्याच्या पातळीपर्यंत उतरा आणि तेवढंच आणखी खाली जा. पाण्याची पातळी म्हणजे त्या बिंदूच्या बरोबर खाली, चौथऱ्याच्या आत कुठंतरी, काठावरची नाही. त्यामुळं मागं असलेल्या शिखराचं प्रतिबिंब पुढच्या चौथऱ्यामागे कापलं जातं आणि वरच्या चित्रापेक्षा बुटकं दिसतं. आडव्या कडांचे लोपबिंदू तेच, वेगळे काढायचे नाहीत.

नवीपेठकर

मोबाइलवर फोटो काढून त्यावर पट्टी ठेवून लोपबिंदू शोधला तर चालेल ना?

काडेपेटी

चालेल, उत्तम सराव आहे. फक्त फोन सरळ उभा धर, वर तिरका केलास की उभ्या कडाही वर जुळायला लागतात आणि तिसरा लोपबिंदू तयार होतो. तो उंच इमारतीच्या पायथ्याशी उभं राहून वर बघताना ठीक, कळशीला कशाला? जवळ जाऊन काढू नकोस, चार पावलं मागं सरक आणि दुप्पट झूम कर. पॅनोरमा तर अजिबात नको, त्यात सरळ कडाच वाकतात.

रेघोटी

पुन्हा सगळं मांडून काढलं, या वेळी मांडी घालून, मांडणीपासून सव्वासहा फुटांवर. अंतर १५ सेमी, क्षितिज ६ सेमीवर धरलं. चादरीची उंची ३.३ सेमी आली आणि वरची कड साडेपाच. आडवी पडली एकदाची! पण खालचे दोन कोपरे जरा ताणल्यासारखे वाटतात. आकडा चुकला का?

तिरकी पट्टी

आकडे बरोबर आहेत. १५ सेमी अंतराला सुरक्षित वर्तुळ ८.७ सेमीचं, आणि तुमचा खालचा कोपरा लोपबिंदूपासून ८.५ सेमीवर आहे. म्हणजे अगदी कडेवर. मांडणी आहे तशीच ठेवा आणि बसकर दोन-तीन फूट मागं सरकवा.